एवढ्या भाषांचे आफ्रिकेला ओझे होते का?

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. आफ्रिका खंडात सुमारे दोन हजार भाषा बोलल्या जातात हे वाचून तू विचारले आहेस की, या लोकांचे एकमेकांशी बोलणे तरी कसे होत असेल, आणि एवढ्या भाषा सांभाळत बसण्यापेक्षा एखादी समान भाषा पत्करून ते मोकळे का होत नाहीत. या विषयावर मी बरीच वर्षे जमेल तसे वाचत आलो आहे आणि तुझा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. वसाहतींच्या अधिकाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला, स्वातंत्र्यानंतरच्या मंत्र्यांनीही विचारला, आणि त्याचे घाईने दिलेले उत्तर तिथल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांना शाळेत भोगावे लागले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो आकडा. जगातल्या सुमारे सात हजार भाषांपैकी जवळजवळ एक तृतीयांश आफ्रिकेत आहेत. एकट्या नायजेरियात पाचशेहून अधिक भाषा आहेत आणि शेजारच्या, आकाराने बऱ्याच लहान असलेल्या कॅमेरूनमध्ये अडीचशेच्या आसपास. मात्र हा आकडा मोजणाऱ्यावरही अवलंबून असतो. आजच्या झिम्बाब्वेत वेगवेगळ्या मिशनऱ्यांनी आपापल्या ठाण्याजवळची बोली उचलली, तिची स्वतंत्र लेखनपद्धती ठरवली, तिच्यात धर्मग्रंथ छापले, आणि एकमेकांना सहज समजणाऱ्या झेझुरू, करंगा, मन्यिका या बोली कागदावर परक्या होऊ लागल्या. पुढे १९३१ साली क्लेमेंट डोक या भाषाशास्त्रज्ञाच्या अहवालावरून त्यांच्यासाठी एक समाईक लेखनभाषा आखली गेली आणि तिला ‘शोना’ हे नाव मिळाले. बोलणारी माणसे तीच राहिली, भाषांची संख्या मात्र बदलली. त्यामुळे दोन हजार हा आकडा खोटा नसला, तरी त्याने दबून जाण्याचे कारण नाही.

संख्येपेक्षा मला त्या भाषांमधले अंतर अधिक थक्क करते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ साली आफ्रिकेतल्या भाषांची चार कुळांत मांडणी केली: आफ्रो-आशियाई, नायलो-सहारन, नायजर-काँगो आणि खोइसान. पहिल्या कुळात अरबी, हौसा, अम्हारिक, सोमाली, बर्बर भाषा आणि पिरॅमिड बांधणाऱ्यांची प्राचीन इजिप्ती भाषा इतका मोठा पसारा येतो. खोइसान हे मुळात एक कुळ नाहीच, केवळ काही ध्वनींच्या साम्यामुळे तीन-चार स्वतंत्र घराणी एकत्र बांधली गेली, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. टांझानियातल्या एयासी सरोवराकाठी राहणाऱ्या हाड्झा लोकांची भाषा आणि चाडमध्ये शारी नदीकाठच्या मोजक्या गावांत बोलली जाणारी लाल भाषा यांचे तर कोणाशीच नाते सिद्ध झालेले नाही. आणि मादागास्कर बेटाची मालागासी भाषा आफ्रिकी कुळातली नाहीच. तिची सर्वांत जवळची नातलग हिंदी महासागराच्या पलीकडे बोर्निओ बेटावर सापडते, कारण दर्यावर्दी लोक शेकडो वर्षांपूर्वी तेवढा समुद्र ओलांडून या बेटावर येऊन वसले. युरोपचा बहुतेक भूभाग एकाच इंडो-युरोपीय कुळाने व्यापलेला आहे, हे लक्षात घेतलेस म्हणजे आफ्रिकेची भाषिक खोली किती आहे याचा तुला अंदाज येईल.

या सगळ्यांत बांटू भाषांचा विस्तार मला विशेष मोहवतो. आजच्या नायजेरिया आणि कॅमेरूनच्या सीमाभागातून चार-पाच हजार वर्षांपूर्वी शेती करणारे लोक हळूहळू पूर्वेला आणि दक्षिणेला सरकू लागले, पुढच्या काळात त्यांच्या हाती लोखंडाची विद्या आली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या या स्थलांतरातून केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत सुमारे पाचशे भाषा पसरल्या. त्यांचे व्याकरण इतके सुघड आहे की एक वाक्य लिहून दाखवल्याशिवाय राहवत नाही. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली या बांटू भाषेत ‘चांगले पुस्तक पडले आहे’ हे ‘किताबू किझुरी किमेआंगुका’ असे म्हणतात, आणि पुस्तके अनेक असतील तर ‘विताबू विझुरी विमेआंगुका’. प्रत्येक नाम कुठल्यातरी वर्गातले असते आणि त्या वर्गाचा उपसर्ग विशेषण आणि क्रियापद यांच्याही माथ्यावर चढतो, त्यामुळे वाक्यातला कोणता शब्द कोणाशी बांधलेला आहे हे कानालाच कळते. गंमत अशी की ‘किताबू’ हा मूळ अरबी ‘किताब’. त्यातला ‘कि’ स्वाहिली बोलणाऱ्यांनी आपला उपसर्ग समजून घेतला आणि अरबीला ठाऊकही नसलेले अनेकवचन तयार केले.

दक्षिणेकडे ध्वनींची श्रीमंती याहून मोठी आहे. हळहळ व्यक्त करताना आपण दातांमागे जीभ लावून जो ‘च्‌ च्‌’ असा आवाज काढतो, तो आपल्या कोणत्याही शब्दात येत नाही, तो लिहायला आपल्याकडे अक्षरही नाही. खोसा आणि झुलू या बांटू भाषांत मात्र तो एक साधे व्यंजन आहे. गालाच्या बाजूने काढलेला आणि टाळूवरून जीभ सोडवून काढलेला असे आणखी दोन चटकारे त्यांच्याकडे आहेत, आणि ‘खोसा’ या नावाची सुरुवातच अशा चटकाऱ्याने होते. हे ध्वनी त्यांनी आपल्या आधी तिथे राहणाऱ्या खोई आणि सान लोकांकडून घेतले. ते भाषेत रुजण्यामागे ‘ह्लोनिफा’ ही चाल असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. विवाहित स्त्रीने सासऱ्याच्या नावातली अक्षरे रोजच्या बोलण्यातही उच्चारायची नाहीत असा दंडक असल्यामुळे स्त्रियांना नित्याच्या शब्दांतले ध्वनी बदलावे लागत, आणि बदली ध्वनी म्हणून शेजाऱ्यांचे हे चटकारे हाताशी होते. ज्या बंधनाने स्त्रियांच्या तोंडचे शब्द काढून घेतले, त्याच बंधनातून त्यांनी सबंध भाषेचे ध्वनिभांडार वाढवले, हे वाचल्यापासून त्या अनामिक बायकांविषयी माझ्या मनात मोठा आदर आहे.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. लोक एकमेकांशी बोलतात कसे? उत्तर सोपे आहे: प्रत्येकाला अनेक भाषा येतात. उत्तर कॅमेरूनमधल्या मांदारा डोंगरात थोड्या थोड्या अंतरावर भाषा बदलते. तिथे आईची भाषा एक, वडिलांची दुसरी, बाजारात फुलानी लोकांची फुलफुल्दे आणि कचेरीत फ्रेंच, असे जगणाऱ्या माणसाला आपण काही विशेष करतो आहोत असे वाटतही नाही. मालीच्या बामाकोत बांबारा, सेनेगलच्या डाकारमध्ये वोलोफ, काँगोच्या किन्शासात लिंगाला, सहाराच्या दक्षिणेकडच्या बाजारपेठांत हौसा, अशा मोठ्या व्यवहारभाषा व्यापाराच्या आणि शहरांच्या ओघात वाढल्या, आणि त्या शिकण्यासाठी घरची भाषा सोडावीच लागे असे नव्हते. नैरोबीच्या तरुणांनी तर स्वाहिली, इंग्रजी आणि इतर भाषा मिसळून ‘शेंग’ ही स्वतःची बोली उभी केली आहे. एका देशाला एकच भाषा हवी, ही कल्पना या समाजांत बाहेरून आली.

ती आणणाऱ्यांनी सीमाही बाहेरूनच आणल्या. १८८४–८५ च्या बर्लिन परिषदेनंतर युरोपीय सत्तांनी केलेल्या आफ्रिकेच्या वाटपात एवे लोक आजच्या घाना आणि टोगो या देशांत विभागले गेले, सोमाली लोक तर चार देशांत. शाळेत मातृभाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा पाटी अडकवायची, आणि त्याने ती मातृभाषा बोलताना सापडलेल्या पुढच्या मुलाच्या गळ्यात घालायची, ही शिक्षा फ्रेंच आणि इंग्रज अशा दोन्ही वसाहतींत चालली. तिचा विचार मनात आला की मला संताप आवरत नाही. मुलांनाच एकमेकांवर पाळत ठेवायला लावणारी ही युक्ती होती, आणि आपली भाषा म्हणजे गुन्हा, हा धडा त्या मुलांनी वाचायला शिकण्याआधी गिरवला.

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांच्या बालपणी त्यांच्या शाळेत हेच चालत असे. इंग्रजीत कादंबऱ्या लिहून त्यांनी जगभर नाव मिळवले होते आणि त्यांत सत्ताधाऱ्यांवर कठोर टीकाही होती. पण १९७७ साली कामिरीथू गावातल्या शेतकरी-कामगारांना घेऊन त्यांनी गिकुयू या आपल्या मातृभाषेत नाटक उभे केले, तेव्हा सरकारने ते बंद पाडले आणि वर्षाच्या अखेरीस त्यांना खटल्याविना स्थानबद्ध केले. कामिटी तुरुंगात त्यांनी शौचालयाच्या कागदावर आपली पहिली गिकुयू कादंबरी लिहिली. गावातल्या माणसाला समजणाऱ्या भाषेचे सरकारला किती भय वाटते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

समान परकी भाषा लवकर सुरू केली म्हणजे मुले लवकर पुढे जातील, हे गृहीतकही तपासून झालेले आहे. नायजेरियातल्या इफे विद्यापीठाने शिक्षणतज्ज्ञ बाब्स फाफुन्वा यांच्या पुढाकाराने १९७० साली एक प्रयोग सुरू केला. त्यात काही मुलांना प्राथमिक शाळेची सहाही वर्षे सर्व विषय योरुबा या त्यांच्या मातृभाषेतून शिकवले आणि इंग्रजी हा केवळ एक विषय म्हणून, पण चांगल्या शिक्षकाकडून शिकवला. बाकीच्यांना प्रचलित पद्धतीप्रमाणे तीन वर्षांनंतर इंग्रजी माध्यमात ढकलले. योरुबातून शिकलेली मुले इतर विषयांत सरस ठरली आणि इंग्रजीतही मागे पडली नाहीत. निकाल इतका स्वच्छ असूनही देशाचे धोरण त्या दिशेने ठामपणे वळले नाही. इंग्रजीच्या जोरावर वर चढलेल्यांना ती शिडी तशीच राहायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

राज्यकर्ते चुकारपणा करतात तिथे सामान्य माणसे काय करून दाखवतात, हेही लिहायला हवे. गिनीमध्ये फुलानी लोक आपली पत्रे अरबी लिपीत लिहीत, पण त्यांच्या भाषेतल्या काही ध्वनींना त्या लिपीत अक्षरेच नाहीत. इब्राहिमा आणि अब्दुलाये बारी या दोन शाळकरी भावांचे वडील गावकऱ्यांना अशी पत्रे वाचून दाखवत, आणि अक्षर लागेना म्हणजे त्यांचा खोळंबा होई. १९८९ च्या सुमारास या मुलांनी खोलीत बसून, डोळे मिटून कागदावर आकार काढले, त्यांतले पसंत पडलेले आकार निवडले आणि आपल्या भाषेसाठी ‘आदलाम’ ही नवी लिपी रचली. त्यांनी ती आधी धाकट्या बहिणीला शिकवली, मग बाजारात. पुढे हाताने पुस्तके लिहून काढली, आणि २०१६ साली ती लिपी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक प्रमाणकात आली. आज पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक देशांत फुलानी माणसे तिच्यात फोनवरून निरोप पाठवतात.

आता माझी एक अडचण तुझ्यापुढे ठेवतो. तू म्हणतोस तशी समान भाषा टांझानियाने स्वीकारली, आणि ती आफ्रिकेतलीच, स्वाहिली. तिथे सव्वाशेच्या आसपास भाषा असूनही पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी ती शाळेत, कारभारात आणि राजकारणात आणली, शेक्सपिअरची नाटके स्वतः तिच्यात उतरवली, आणि देशात भाषेवरून तंटे फारसे झाले नाहीत. तिच्यातले ‘गारी’, ‘दुका’, ‘पेसा’ हे शब्द तुलाही ओळखीचे वाटतील, इतकी ती सर्वांना सामावून घेणारी आहे. तरीही माध्यमिक शाळेपासून पुढचे शिक्षण इंग्रजीतूनच चालत आले आहे. दुसरीकडे दार एस सलामच्या परिसरातले झारामो लोक आपल्या भाषेऐवजी घरातही स्वाहिलीच बोलू लागले आहेत. म्हणजे आफ्रिकी भाषेचा हा एवढा मोठा विजय तिथल्या लहान भाषांना मात्र इंग्रजीपेक्षाही जास्त महागात पडतो आहे. न्येरेरे यांची मी मनापासून बाजू घेतो आणि झारामो भाषा टिकावी असेही मला तितकेच वाटते. ही दोन्ही मते एकत्र कशी नांदवावीत, हे मला अजून साधलेले नाही. घरची भाषा पहिल्या तीन-चार इयत्तांना, स्वाहिली सर्वांना आणि इंग्रजी हा एक विषय, एवढ्यावर भागेल असे माझे सध्याचे उत्तर आहे. तू शाळांच्या कामात मुरलेला आहेस. सव्वाशे भाषांत पाठ्यपुस्तके आणि शिक्षक पुरवणे कितपत जमण्यासारखे आहे, ते सावकाश विचार करून लिही.

वहिनींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद