बाष्पीभवनाचा आकडाही छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा तापला की उजनीतून बाष्पीभवनाने पाणी किती उडतंय, याच्या बातम्या हमखास येतात. धरणाचा हिशेब कळतो. त्याच दिवशी आपल्या उसातून किती उडालं, हे मात्र शेतकऱ्याला कोणी सांगत नाही. आपल्या हवामानाच्या चौकटीत कमाल-किमान तापमान आणि पाऊस असतो. त्याखाली ‘कालचं बाष्पीभवन, मि.मी.’ एवढी एक ओळ वाढवावी, ही विनंती.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कृषी संशोधन केंद्रावर हवामान निरीक्षक होतो. हा आकडा कृषी वेधशाळांत रोज सकाळी मोजतात. लाकडी चौकटीवर 122 सेंटिमीटर व्यासाचं तांब्याचं उथळ पात्र, बाहेरून पांढरं रंगवलेलं. वर जाळी, नाहीतर मे महिन्यात कावळे आणि कुत्री मिळून बाष्पीभवन दुप्पट दाखवतील. आत एका नळकांड्यात टोकदार काटा उभा असतो. काल टोकाशी टेकलेलं पाणी आज खाली गेलेलं असतं. ते पुन्हा टोकाला टेकेपर्यंत मापाने ओतायचं. या मापाचा व्यास पात्राच्या बरोबर दहावा हिस्सा, म्हणजे क्षेत्रफळ शंभरावा. त्यामुळे मापातलं 10 सेंटिमीटर पाणी म्हणजे पात्रातला 1 मिलिमीटर. ज्याने कोणी ही युक्ती काढली, त्याला रामराम! रात्री पाऊस झाला असेल तर तो हिशेबात धरायचा. मुसळधार पावसात पाणी उडून बाहेर जातं, त्या दिवशीचा आकडा फार मनावर घ्यायचा नसतो.

पात्रातलं पाणी आणि पीक एक नव्हे. पान रात्री आपली रंध्रं बहुतेक मिटून घेतं, पात्र मात्र दिवसा साठलेल्या उष्णतेवर रात्रीही वाफ सोडत राहतं. म्हणून आकड्याला साधारण 0.7 ने गुणतात, मग पिकाच्या गुणांकाने, म्हणजे वाढीच्या त्या टप्प्यावर पिकाला कमी-जास्त किती पाणी लागतं ते सांगणाऱ्या आकड्याने. भरात आलेल्या उसाचा गुणांक सुमारे 1.25. मे महिन्यात पात्राने 10 मि.मी. दाखवले तर उसाची गरज पावणेनऊ मि.मी., म्हणजे एकरी सुमारे 35 हजार लिटर. तोच ऊस डिसेंबरात, पात्र 4 मि.मी. दाखवत असताना, 14 हजारांवर भागतो. आमच्याकडे मात्र वीज आली की मोटार चालू आणि वीज गेली की बंद, हेच वेळापत्रक.

नुसतं तापमान पाहून हे कळत नाही. जूनमध्ये पाऊस लांबतो, पारा चार-पाच अंशांनी उतरतो, माणसांना बरं वाटतं. पण कोरडा वारा सुटलेला असला तर पात्राचा आकडा फारसा कमी होत नाही. पीक माना टाकतं आणि शेतकरी म्हणतो, ‘ऊन तर कमी झालंय!’

याहून नेमक्या पद्धती आहेत. लायसीमीटर म्हणजे मातीने भरलेली, पीक लावलेली टाकी वजनकाट्यावर ठेवून तिचं वजन किती घटलं ते पाहायचं. ब्रिटिश शास्त्रज्ञ पेनमन यांनी 1948 मध्ये ऊन, वारा, आर्द्रता आणि तापमान यांवरून सूत्र मांडलं. त्याची सुधारित आवृत्ती जागतिक अन्न व कृषी संघटनेने 1998 मध्ये प्रमाण मानली. उपग्रहावरूनही अंदाज काढतात. पण लायसीमीटर गावोगावी परवडणारा नाही, आणि सूत्राला लागणारी उपकरणं नीट ठेवली नाहीत तर गणित कितीही सुबक असो, उत्तर चुकतंच. पात्रात काय चाललंय, ते शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. आकड्याशेजारी केंद्राचं नाव द्यावं, कारण हिरव्या शेताच्या मधोमध ठेवलेलं पात्र आणि उजाड माळावरचं पात्र एकच आकडा देत नाहीत. दुसरं, एका केंद्रावर जाळी फाटून पात्र शेवाळलेलं असताना वहीत मात्र आठवडाभर एकसारखे आकडे भरलेले मी पाहिले आहेत. ज्या दिवशी नोंद झाली नसेल, त्या दिवशी आपल्या चौकटीत ‘नोंद नाही’ असं स्पष्ट छापावं.

आपला,
एक निवृत्त हवामान निरीक्षक, ता. सांगोला