मोटर न्यूरॉन आजार : शोध लागतात, औषध कुठे अडतं?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मोटर न्यूरॉन आजारात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. त्यावरच्या संशोधनाला निधी मिळाला की आम्हा घरच्यांना बरं वाटतं. लगेच मनात येतं, यातलं रुग्णापर्यंत पोचणार कधी? लक्षणं दिसू लागल्यापासून बहुतेकांच्या हाती दोन ते पाच वर्षं असतात. त्यातलं वर्षभर निदानातच जातं. माझ्या भावाला आधी शर्टाचं बटण लावता येईना. मग अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोलगट झाला, दंडाच्या कातडीखाली स्नायू सारखे फडफडायचे. उपचार मात्र मानेच्या मणक्यावर चालले होते.

हा आजार घडवणारा एसओडी१ या जनुकातला दोष १९९३ मध्ये सापडला. त्यावरच्या टोफरसेन या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली २०२३ मध्ये. मधे तीस वर्षं गेली, आणि हे औषध उपयोगी पडतं जेमतेम दोन टक्के रुग्णांना. बाकीच्यांना अजून मुख्य आधार १९९५ पासूनच्या रिल्युझोलचा. त्याने आयुष्य सरासरी दोन-तीन महिने वाढतं.

टोफरसेनही सहज पास झालं नाही. २८ आठवड्यांच्या चाचणीत मुख्य निकष गाठला गेला नव्हता. पण चेतापेशी झिजताना रक्तात उतरणारं न्यूरोफिलामेंट हे प्रथिन स्पष्ट घटलं आणि त्यावर सशर्त मंजुरी मिळाली. पुढच्या नोंदींत औषध लवकर सुरू झालेल्यांची घसरण कमी दिसली. म्हणून माझं पहिलं मागणं : घराण्यात कुणाला हा आजार नसला तरी निदान होताच प्रत्येकाची जनुक तपासणी सरकारी खर्चाने व्हावी. दोष कुठला हेच ठाऊक नसेल तर त्यावरचं औषध असून काय उपयोग?

मंजुरी सैल करा, असं मात्र मी म्हणत नाही. याच आजारावरचं रेलिव्ह्रिओ हे औषध २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, मोठ्या चाचणीत अपयशी ठरलं आणि २०२४ मध्ये कंपनीनेच बाजारातून काढलं. शिवाय ‘स्टेम सेल’च्या नावाखाली हताश घरांना लुबाडणारे आहेतच, त्यांच्यावर कारवाई कधी होणार, हेही एकदा सांगा.

आम्हाला हवी आहे ती कायम चालू राहणारी चाचणी. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये २०२० पासून अशा चाचण्या सुरू आहेत : अनेक औषधं एकाच वेळी तपासायची, प्लॅसिबोचा (म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या डोसाचा) गट सगळ्यांना सामाईक, निरुपयोगी औषध बाद करून त्या जागी नवं घ्यायचं. प्रत्येक औषधासाठी नव्याने परवानग्या आणि केंद्रं उभी करण्यात जाणारे महिने वाचतात, प्लॅसिबोवर राहणारे रुग्णही कमी लागतात. श्वासाची मोजणी घरी करता येते, प्रश्नावली फोनवर भरता येते. चालता न येणाऱ्याला दर महिन्याला रुग्णालयात बोलावण्याचा अट्टहास कशाला?

प्रयोगशाळांचा निधी कापू नका. पण चाचण्यांसाठी येत्या अर्थसंकल्पात वेगळं लेखाशीर्ष उघडा, आणि त्याचे निकष ठरवणाऱ्या समितीवर रुग्णांनाही घ्या. बोलता येत नसलं तरी डोळ्यांनी अक्षरं दाखवून ते मत देतील. बैठक थोडी लांबेल एवढंच.

आपली,
एका रुग्णाची बहीण