तू विचारलेला प्रश्न

चि. बाळास,

परवा डोकं पुसताना तू विचारलंस, "आई, खो-खो खेळताना पाय मुरगळला म्हणून झालं का गं हे?" मी नुसतं "नाही रे" म्हणाले. तेवढ्यानं तुझं समाधान झालं नाही, ते मला दिसलं. म्हणून लिहिते.

सरावात पोलजवळ पाय मुरगळला, असं तू सांगितलंस आणि आम्ही सगळे तेच धरून बसलो. आज्जीनं आंबेहळद लावली, मी क्रेप बँडेज बांधलं. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही. तीन आठवडे विश्रांती झाली, तरी टाचेची सूज उतरेना. गड्ड्याच्या जत्रेत नंदीध्वज निघाले तेव्हा तू दुकानाच्या पायरीवर बसून होतास. तू, जो दरवर्षी गर्दीत सगळ्यांच्या पुढं!

मुरगळलेला पाय बसलं की शांत होतो. तुझा रात्री जास्त ठणकायचा. मला सकाळी लवकर उठायचं असतं म्हणून तू एकटाच पाय चोळत बसायचास. एकदा मी पाहिलं, "वाढीचं दुखणं असतं" म्हणाले आणि चादर अंगावर घालून झोपले. ही चूक माझी आहे, बाळा.

पुढं एमआरआयमध्ये टाचेच्या हाडात गाठ दिसली. बायोप्सीसुद्धा मुंबईला टाटा हॉस्पिटलातच केली, कारण ऑपरेशन करणाऱ्यांनीच सुई कुठून घालायची ते ठरवायचं असतं.

आता तुझं उत्तर. या आजाराला युइंग सार्कोमा म्हणतात, हा हाडाचा एक कॅन्सर. जेम्स युइंग या डॉक्टरांनी १९२१ मध्ये त्याचं वर्णन केलं. मुळात दुर्मिळ, त्यात पावलाच्या हाडात तर फारच. एखाद्या पेशीत गुणसूत्रांचे तुकडे, बहुतेक वेळा ११ आणि २२ नंबरच्या, आपोआप अदलाबदल होतात आणि तिथून हे सुरू होतं. मार लागल्यानं, धावल्यानं होत नाही. आईबापाकडूनही येत नाही, हे मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. उलट पाय मुरगळला म्हणून आपलं तिकडं लक्ष तरी गेलं.

सोमवारी रात्री पुन्हा सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला. तुझं तोंड आलंय, म्हणून शेंगाचटणी घेत नाही, मऊ भात घेते. खालचा बर्थ तुझा, मी समोरच्यावर. दुखलं तर हाक मार. अख्खा डबा जागा झाला तरी चालेल.

तुझी आई