बाबांच्या शेडमध्ये रेसची गाडी

साखळी, गोवा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या त्या धातू कातायच्या लेथला गिऱ्हाईक आलंय आणि चवथीआधी शेड रिकामी करून द्यायचीय, असं दादा काल सांगत होता. बाबा, त्यासाठीच हे पत्र. फोनवर दादा मध्येच बोलतो, आईच्या गुडघ्याचं निघतं आणि मुद्दा राहून जातो. लेथ विकू नका. का ते सविस्तर लिहिते.

कोल्हापूरहून टेम्पोत घालून आणलेल्या गाडीचा फोटो पाहून आई म्हणाली, हे भंगार कशाला? आई, ही फॉर्म्युला मारुती आहे. एका माणसाची, उघड्या चाकांची रेसची गाडी. आपल्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन गिअरबॉक्ससकट उचलून ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवलेलं. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी या गाड्या घडवल्या. परदेशी गाडी परवडत नाही अशा पोरांना यांच्यामुळे रेस शिकता आली. पुढे २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, श्रीपेरुम्बुदूरच्या ट्रॅकवर याच जातीच्या गाडीतून सुरुवात करून गेला. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात वारले. कोइमतूरच्या ट्रॅकला आता त्यांचं नाव आहे. अशा गाड्यांपैकी एक कुणाच्या तरी गोठ्यात पत्र्याखाली सडत पडावी हे मला बघवलं नाही.

इंजिनाची मला काळजी नाही. तेच इंजिन ओम्नीत होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती, त्यामुळे पिस्टन, रिंगा, गॅस्केट सगळं म्हापशाला मिळतं, तेही माझ्या पगारात बसेल अशा भावात. इंजिन जाम होतं. प्लग काढून भोकांतून डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल सोडलं, मुरू दिलं, मग क्रँकच्या नटाला लांब पाना लावून जरा पुढे, जरा मागे करत सोडवलं. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ६८.५ मिलिमीटरचा. वरच्या बाजूला नखाला लागेल अशी धार आलीय, म्हणजे भोक जरा मोठं कापून बोअर मारावाच लागणार.

खरं काम फ्रेमचं आहे. पत्रे लावायला पाइपांना रिव्हेटची भोकं पाडलेली, त्यांतून वर्षानुवर्षं पाणी आत गेलंय. वरून रंग धड, आत गंज. छोट्या हातोडीने इंचाइंचावर ठोकत गेले. चांगला पाइप खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द. खालच्या बाजूचे पाइप बरेचसे बद्द निघाले. ते कापायच्या आधी अख्खी फ्रेम तुमच्या त्या दोन गर्डरांवर पाणसळ लावून जखडली. खाणीवरच्या टिपर ट्रकांची चॅसी सरळ करायला तुम्ही टाकलेले गर्डर, बाबा, अजून तसूभर हललेले नाहीत. एक टाका डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं, नाहीतर वेल्डिंगची ओढ फ्रेम वाकडी करते. हे मी शाळेत असताना तुमच्या शेजारी उभी राहून पाहिलंय. कुंडईच्या कारखान्यात मेंटेनन्सला इतकी वर्षं काढली, पण हात तुमच्याकडूनच आलाय. पावसाने मात्र जीव काढलाय. घासून लख्ख केलेला पाइप रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी तांबूस. म्हणून जेवढं घासते तेवढ्याला त्याच संध्याकाळी प्रायमर मारते, मग वीज असो वा नसो.

आणि आता लेथ. या गाडीच्या पुढच्या चाकांना धरणारे आर्म ज्या बुशांवर, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्यांवर, फिरतात ते कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. गाडी हाताने बनवलेली, तर बुशही हातानेच बनवायला हवेत. गनमेटलचा तुकडा लावून पहिला बुश मी काढलाय. पिन त्यात बोटाने ढकलली की जाते, पण खडखडत नाही. टिपरच्या किंगपिनचे बुश तुम्ही याच लेथवर काढायचात. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, टिपर रस्त्याकडेला गवतात उभे राहिले, तरी तुम्ही दर रविवारी लेथच्या बेडला तेल लावत होतात. म्हणून ती आज एवढी अचूक चालते. भंगारवाला तिला वजनावर नेईल. मला ते सहन होणार नाही, आणि तुम्हालाही होणार नाही हे मला ठाऊक आहे.

आई, तू घाबरलीस म्हणून तुझ्यासाठी वेगळं लिहिते. ड्रायव्हरच्या डोक्यामागची लोखंडी कमान आणि पुढचे आर्म मी डाय लावून तपासले. लाल रंग लावायचा, थांबायचं, पुसून टाकायचा, वर पांढरी पूड फवारायची. कुठे भेग असली तर आत शिरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. डाव्या आर्मवर केसाएवढी लाल रेघ उमटली. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. तो आर्म मी मोडीत काढला, नवा बनवतेय. ब्रेकचे पाइप नवे, सीटचे पट्टे नवे, पेट्रोलची टाकी नवी, कारण या तीन वस्तू दिसायला चांगल्या असल्या तरी जुन्या ठेवायच्या नसतात. गाडीला नंबरप्लेट नाही, ती रस्त्यावर येणारच नाही. ट्रकवर चढवून कोइमतूरला नेईन आणि बंद ट्रॅकवर, हेल्मेट घालून चालवीन. तू तिथे बसून बघ, अशी माझी इच्छा आहे.

बाबा, हेडचे सहा वॉल्व्ह मी तुमच्यासाठी ठेवलेत. वॉल्व्ह जागेवर घट्ट बसावा म्हणून घासायची पेस्ट लावून काठी दोन्ही तळव्यांत फिरवताना करकर कधी बदलते, ते तुमच्या हाताला कळतं तसं माझ्या हाताला अजून कळत नाही. चष्म्याचं कारण सांगू नका, ते काम डोळ्यांचं नाही. रॉकेल ओतून गळतंय का ते मी बघेन.

दादाच्या हिशेबाचंही मी पाहिलंय. लेथचे जेवढे पैसे येणार तेवढे मी दर महिन्याला थोडे थोडे त्याला देईन, तसं त्याला लिहून कळवलंय. शेडचं छप्पर या पावसाळ्यानंतर शाकारून घेते. तुम्ही फक्त त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा, या आठवड्यातच, कारण तो इसार द्यायला निघालाय. चवथीला दोघं या, आणि यंदा महिनाभर राहायच्या बेताने या. खालच्या खोलीत कमोड बसवून घेतलाय, आईला जिना चढावा लागणार नाही.

आणि बोअर मोजायचं डायल गेज कुठल्या कपाटात आहे तेवढं कळवा. निळ्या पेटीत पाहिलं, तिथे नाही.

तुमची,
नेहा