मडकं टांगण्यापूर्वी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की पक्षीबाजारातून 'लव्हबर्ड'ची जोडी आणि सोबत अंडी घालायला एक मडकं घरोघरी येतं. दुकानदार ज्यांना लव्हबर्ड म्हणतात ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातले छोटे पोपट, बजरीगर असतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. त्याची मादी सालीच्या, पानांच्या पट्ट्या फाडून घरटं भरते. बजरीगरची मादी मात्र मडक्यात घातलेलं गवत चोचीनं बाहेर फेकते. नावाच्या घोळातून दोघांना एकाच पिंजऱ्यात कोंडलं, तर लव्हबर्डच्या चाव्यानं बजरीगरच्या पायांची बोटं जातात. (देशी पोपट, म्हणजे कंठवाला राघू, पाळणं 1972च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे.)

मडक्याचा तळ गुळगुळीत. पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना घसरतात आणि तसेच फाकलेले राहतात. आत बघायला मडकं उतरवावं, तर अंडी गडगडतात. त्यापेक्षा प्लायची पेटी करावी: 20 सेंमी लांब, 15 रुंद, 15 उंच, भोक 4 सेंमीचं, वर उघडणारं झाकण. भोकापासून लांबच्या टोकाला खोलगट कोरलेली फळी आणि तिच्यावर जाडसर लाकडी भुसा. पाय फाकलेले पहिल्या दहा-बारा दिवसांत लक्षात आले, तर मऊ पट्टीनं जवळ बांधून सरळ होतात, पुढे अवघड.

बजरीगरची मादी दिवसाआड एक अंडं घालते, अंडं साधारण 18 दिवसांनी फुटतं. म्हणजे पाच पिल्लांत थोरलं धाकट्याहून आठवडाभर मोठं! धाकटं चेंगरतं ते यामुळे. रोज झाकण उघडून बघावं. पिल्लांच्या बोटांवर वाळलेली विष्ठा ओढून काढू नये, नखासकट निघते. कोमट पाण्यात भिजवावी.

वर्षाच्या आतल्या मादीला पेटी देऊच नये. कॅल्शियम कमी पडलं की अंडं अडकतं. मादी पिसं फुगवून तळाशी बसून कुंथताना दिसली, की तिला ऊब द्यावी आणि तडक पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यावं. कॅल्शियमसाठी समुद्रफेस (कटलफिशचं पांढरं हाड) पिंजऱ्यात कायम हवाच. पिल्लं असताना राळ्याच्या जोडीला उकडलेलं अंडं, कोथिंबीर द्यावी. उरलेलं अंडं दोन तासांत काढावं.

पिल्लांच्या दोन खेपा झाल्या की पेट्या काढून नर-मादी वेगळे करावेत. पेटी तशीच राहिली तर मादी अंडी घालतच राहते आणि झिजते.

पिल्लं साधारण पाचव्या आठवड्यात बाहेर पडतात. त्यानंतरही काही दिवस बाप त्यांना भरवतो. स्वतः दाणा सोलून खाईपर्यंत पिल्लू कुणाला देऊ नये. आणि वाटी भरलेली दिसते म्हणून फसू नये. एक फुंकर मारून बघावी: टरफलं उडतात, खाली दाणा नसतो.

आपला,
एक पक्षीपालक, पुणे