भिंतीवरची लक्ष्मी

आचरे, ता. मालवण
श्रावण वद्य नवमी

प्रिय बाळ्या,

चतुर्थी तोंडावर आली म्हणून माजघर रंगवायला काढलं. देवघरावरची लक्ष्मी आठवते ना? हत्ती आपल्याकडेच बघतो म्हणून तू तिथे एकटा झोपायचा नाहीस, तीच. मागची फळी काढली तर कसरीचं अख्खं गाव! चित्र मात्र शाबूत.

पणजोबांनी मुंबईहून बोटीने आणली, एवढंच घरात ठाऊक. पण खालच्या पांढऱ्या पट्टीवर बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव निघालं: रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. म्हणजे 1899 नंतरची. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, तो 1899 साली लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला आणि कर्जापायी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. 1972 साली आगीत खाक झाला म्हणे. तिथे चित्रं छापायचे ती दगडांवरून.

हो, दगड! भिंग लावून लक्ष्मीचा गाल पाहिला तर नुसते ठिपके रे, गुलाबी, पिवळे, करडे. हाताने टिपलेले, एकही रांगेत नाही. एका रंगाला एक दगड, आणि तोच कागद दर दगडावर पुन्हा दाबायचा. दगड केसभर चुकला की झालं. आमच्या लक्ष्मीची एक कुडी कानाबाहेर लोंबतेय. इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याआधी आमच्या देवघरात काय होतं? टाक, शाळिग्राम, नारळ. पणजीने लक्ष्मीचं नाक-डोळे पहिल्यांदा या कागदावरच पाहिले असणार. ज्यांना देवळाच्या पायरीवरूनच परतवायचे, त्यांच्याही भिंतीवर हाच हत्ती पोचला. मला तरी रविवर्म्यांच्या चित्रकलेपेक्षा हे मोठं वाटतं.

पणजीने तर तिला सजवलीय. लुगड्याची जर कापून काठाला चिकटवलीय, टिकल्या टाचल्यात. काच मागाहून बसली असावी, कारण कपाळावरचं कुंकू कागदातच मुरलंय.

आता माझा गाढवपणा. नवी काच घालायला बाजारात फ्रेमवाल्याकडे दिली. गडी म्हणाला, ‘कुंकू पुसून देतंय.’ ओरडलो, तेव्हा थांबला. पण तोवर खालची पट्टी ‘बरी दिसत नाय’ म्हणून कातरून झाली होती! केरात हात घालून तुकडा शोधला. पाकिटात ठेवलाय.

तू येताना चित्रामागे लावायला आम्ल नसलेला माउंटबोर्ड आण, इथे मिळत नाही. आणि हरतालिकेच्या आदल्या दिवशीच पोच, गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायला माणूस नाही.

तुझा,
अन्या