वही मिटून उजळणी

महोदय,
परीक्षा जवळ आली की मुले सोडवलेली गणिते नुसती वाचत बसतात. वाचताना सगळे कळल्यासारखे वाटते. कोऱ्या कागदावर मात्र दुसऱ्याच पायरीला पेन अडते. वर्गसमीकरणात ऋण चिन्ह सुटते, भिंगाच्या गणितात चिन्हसंकेत उलटतो, सेंटिमीटरचे मीटर करायचे राहते. या चुका वही मिटून सोडवल्यावरच सापडतात. पाठ केलेले बरेचसे पहिल्या दिवसभरातच निसटते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. म्हणून आज सोडवलेले गणित दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा सोडवावे. आकृत्याही न बघता काढाव्यात. रंगीत पेनांनी ओळी अधोरेखित करण्यात माझ्या मुलीची अख्खी सुट्टी गेली; पुस्तक सुंदर दिसते, एवढेच!

— एक पालक